दोन बोटांची घंटा

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, खापर या रस्त्यावर त्यांची उमर गेली. गाडी कितीही खचाखच भरलेली असो, मागच्या बाकापासून ह्यांनी थांब्याचं नाव पुकारलं की ते ड्रायव्हरच्या काचेपर्यंत पोचायचं. घरीसुद्धा आवाज तोच. पाणी मागायचे तर शेजारच्या शेतातला माणूस मान वर करून बघायचा. मी चिडायचे, म्हणायचे, "मी बहिरी नही ना!"

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून वस्तरा पडला. उजवी बाजू गेली. महिन्याभरात दुसरा झटका आला आणि जीभ गेली, डावा हातही गेला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा समजत सगळं होतं. डोळे पूर्वीसारखेच होते, थोडे मिश्कील. पण शरीरात हलत होती ती फक्त डाव्या हाताची दोन बोटं, तीही एखादी पोळी उलटता येणार नाही एवढ्याच जोराने.

मी खापरजवळच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्ही शिक्षक दोनच. शाळेच्या व्हरांड्यात उभं राहिलं की आमच्या घराचं छप्पर दिसतं. मध्ये एक शेत आणि एक कोरडा नाला. हाकेचं अंतर. पण हाक मारणारं माणूसच मुकं झालेलं.

रजा होती तेवढी घेतली. मुलगी गुजरातेत दिलेली, ती महिनाभर राहून गेली. मग शेजारची बाई दिवसभर ह्यांच्यापाशी बसायला लागली. तिला मराठी जेमतेम यायचं, पण ह्यांच्या डोळ्यांकडे बघून तिला माझ्या आधी कळायचं. दिवाळीनंतर तिचं कुटुंब दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला गेलं. जाताना ती ह्यांच्या पायांना हात लावून रडली आणि मला म्हणाली, "ताई, यांना एकटं नको ठेवू."

एकटं ठेवावंच लागलं. तासाभराने मी शाळेतून धावत घरी यायचे, बघायचे, परत जायचे. मधल्या तासात काय होत असेल या विचाराने फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा.

मी बाजारातून बिनतारी घंटा आणली. दारावर लावतात ती. बटण घरी, वाजणारा डबा शाळेत. आवाज छान पोचला. पण ते बटण दाबायला ह्यांच्या बोटांत जोर नव्हता. बोटं बटणावर थरथरायची आणि बाजूला सरकायची. ह्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि डोळे मिटून घेतले.

ते बटण हलकं करून मिळेल का हे विचारायला मी खापरच्या बाजारातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेले. सगळे त्यांना आबा म्हणत. मीही तेच म्हणू लागले. ते मूळचे आमच्या म्हसावदकडचे, म्हणून बोली एकच. तरुणपणी त्यांनी गुजरातेतल्या एका कापडगिरणीत विजेचं काम केलं होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक बाक आणि भिंतभर बिस्किटांचे पत्र्याचे डबे. मी आत गेले तेव्हा ते माझ्याकडे न बघता दाराकडे बघत होते.

"कोन शे?"

"मी शाळानी बाई शे, आबा." आणि मी सगळं सांगितलं.

त्यांनी घंटेचं बटण हातात घेतलं, नखाने उघडलं, आतल्या पाटीवरून अंगठा फिरवला. मग ते टेबलावर ठेवलं.

"काम सोपं शे, बाई. पन मन्हा डोया गयात. काचबिंदू. आते फक्त उजेड अंधार कळस."

मी उठायला लागले. ते म्हणाले, "कठे चालनी? बठ. मी सांगस, तू कर."

"माले काही येत नही, आबा."

"शाळामा पोऱ्हे पहिल्या दिवशी काय शिकीसन येतस का?"

असं माझं शिकणं सुरू झालं. बावन्नाव्या वर्षी. दर रविवारी अक्कलकुव्यात राहणारी मुलीची नणंद ह्यांच्यापाशी बसायला यायची आणि मी तीन तास आबांच्या टेबलाशी.

आबांची पहिली शिस्त होती बोलण्याची. त्यांना दिसत नसल्यामुळे समोर काय आहे ते मी सांगायचं. मी म्हणाले, "ही वायर जळाल्यासारखी वाटते." ते लगेच म्हणाले, "काय दिसस ते सांग. काय वाटस ते नको सांगू." मग मी पुन्हा बघितलं. वायरीचं लाल आवरण एका टोकाला दोन तांदळांएवढं तपकिरी झालं होतं, आतली तार मात्र चकचकीत होती. "आसं सांग," आबा म्हणाले. "मंग ती जळनी नही. कोनी तरी आयर्न जवळ धरी ठेयेल शे." आयर्न म्हणजे वायरी जोडायला कथील वितळवतात ती तापती सळई. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण बघणं आणि अंदाज बांधणं यात एवढं अंतर असतं हे मला त्या टेबलाशी कळलं. आज कुणी नवखा माणूस मला विचारतो की या छंदाची सुरुवात कशापासून करू, तर मी आधी वही घ्यायला सांगते. जोडणी करायच्या आधी तिचं चित्र काढा, आणि बिघडलं की जे दिसतं ते लिहा. अर्धे बिघाड लिहिता लिहिताच सापडतात.

दुसरी शिस्त वीज मोजायच्या मीटरची. काहीही मोजायच्या आधी मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवायच्या. त्याने शीळ घातली तरच तो जिवंत. "पहिले मीटरलेच इचार, तू बरा शे का." एकदा मी बॅटरीतून किती करंट जातो ते मोजलं आणि लाल काडी त्याच भोकात राहू दिली. मग व्होल्ट बघायला त्याच काड्या बारा व्होल्टच्या बॅटरीला लावल्या. फटकन ठिणगी उडाली आणि काडीचं टोक काळं पडलं. मी घाबरून बाकासकट मागे सरकले. आबांनी वासावरून ओळखलं. रागावले नाहीत. "करंट मोजी झाला की काडी पहिले जागावर. हात धवाच्या आगोदर. पानी पेवाच्या आगोदर." मीटरमधला फ्यूज मीच बदलला. ती चूक नंतर मी कधी केली नाही.

कथलाचं काम शिकायला सर्वांत जास्त दिवस गेले. मी तापलेल्या आयर्नवर कथील वितळवून ते जोडावर थापायचे, शेणाच्या गोवरीसारखं. आबा गार झालेल्या जोडावर बोट फिरवून म्हणायचे, "हाई गोळी शे. जोड नही." जोड आधी तापला पाहिजे, आयर्न त्याला टेकवून दोन-तीन श्वास धरायचं, आणि कथील आयर्नला नाही, जोडाला लावायचं. मग ते पाण्यासारखं आपणहून पसरतं आणि गार होताना चमकतं. गार होईपर्यंत हात हलला तर ते फिकं, खरबरीत होतं. वरून धरलेलं दिसतं, आतून सुटलेलं असतं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी आबांनी सांगितल्याप्रमाणे मी शाळेतल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा माऊस आणला. माऊसच्या बटणाखाली एक नखाएवढा स्विच असतो. तो अगदी हलक्या दाबाने टिक करतो. मी तो काढला, लाकडाच्या चपट्या तुकड्यावर बसवला आणि त्याच्या दोन वायरी घंटेच्या बटणाच्या दोन पायांना जोडल्या. घरी येऊन तो तुकडा ह्यांच्या बोटांखाली ठेवला. ह्यांनी बोट टेकवलं. टिक. डबा वाजला. ह्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वाजला. मी रडत होते आणि हे दाबतच होते.

अकरा दिवस ती घंटा नीट चालली. पाणी हवं, कूस बदलायची, माशी नाकावर बसली, कशासाठीही वाजायची आणि मी जायचे. पोरांनाही सवय झाली होती. घंटा वाजली की ती स्वतःच पाढे म्हणायला लागायची. मला आता तासातासाला धावत जावं लागत नव्हतं.

बाराव्या दिवशी घंटा वाजली नाही.

सकाळी मी निघताना वाजवून बघितली होती. वाजली होती. दहा वाजले, अकरा वाजले. मला वाटलं, आज ह्यांना चांगली झोप लागली. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मी त्या दिवशी चौथीला भागाकार शिकवला आणि तो नीट शिकवला. मधली सुट्टी झाल्यावर सावकाश घरी गेले.

दारातच मला तो आवाज आला. टिक. टिक. टिक.

हे उशीवरून खाली घसरले होते. मान भिंतीशी मुडपली होती, चेहरा निळसर झाला होता, श्वास घरघरत होता. अंथरूण ओलं झालेलं, वाळलेलं आणि पुन्हा ओलं झालेलं. आणि ती दोन बोटं स्विच दाबत होती. किती वेळ दाबत होती देव जाणे. मी आत आले, ह्यांना उचललं, मान सरळ केली, तरी बोटं थांबली नाहीत. मी हातात धरल्यावर थांबली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसलं असतं. राग नव्हता. भीती होती, आणि मी आले म्हणून सुटका.

डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ साठला होता, तो औषधाने दहा दिवसांत उतरला. मी पुन्हा रजा टाकली. माऊसचा स्विच, घंटा, वायरी सगळं एका पिशवीत बांधून माळ्यावर फेकलं. त्या रविवारी आबांकडे गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी दारात जीप थांबली. ड्रायव्हरने हात धरून आबांना उतरवलं. आबा खापर सोडून कुठे जात नसत. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काय व्हयनं?"

मी सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "मी मन्हा हातथीन त्यासले मारी टाकती, आबा. माले काही येत नही, तरी मी केलं."

"रडनं व्हई तं रडी ले," आबा म्हणाले. "मंग ती पिशवी काढ."

मी पिशवी काढली. त्यांनी स्विच हातात घेतला आणि एकेक वायर चिमटीत धरून हलकेच डोलवली. दुसरी वायर जोडापाशी गोल फिरली. तुटली नाही, पडली नाही, नुसती फिरली. कथलाच्या गोळीत ती सैल बसली होती.

"हालाडीसन देखं व्हतं का?"

"वाजवून देखं व्हतं. सकायले वाजनी व्हती."

"वाजनी म्हनीसन जोड चांगला शे आसं नही. सैल जोड बी वाजस. तो त्याना मनमा येई तवय वाजस."

माझी चूक नाही असं ते म्हणतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी गिरणीतली गोष्ट सांगितली. तिथल्या एका मोठ्या यंत्रावर लाल दिवा होता. यंत्रात वीज असली की तो लागायचा. दिवा बंद, म्हणजे हात घालायला हरकत नाही. एक दिवस दिवा बंद होता, म्हणून आबांनी जोडीदाराला सांगितलं, घाल हात. दिव्याचा बल्ब गेला होता. वीज चालू होती. जोडीदार वाचला, पण त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

"बल्ब मीच तपासाले पाहिजे व्हता," आबा म्हणाले. "त्याना घर मी वरीसभर गऊ नही. त्यानी माय मन्हाकडे उनी, म्हने, तू का बरं येत नही, तो वाट देखस. मंग गऊ."

आत हे जागे होते, ऐकत होते. मग आबा म्हणाले, "तुन्ही घंटामा सैल जोड व्हता, ते एक. पन त्यानाथीन मोठी चूक मन्ही शे. बिघडल्यावर गप बसस ती घंटाच नही. बिघडनं तं बोंबलाले पाहिजे."

त्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून आम्ही नवीन जोडणीचं चित्र काढलं. ते सांगत होते, मी वहीत रेघा ओढत होते. पहिल्या घंटेत स्विच दाबला की वीज वाहायची. नवीनमध्ये उलट. घरच्या बॅटरीतून वीज दोन लांब वायरींनी शाळेपर्यंत जाऊन परत घरी येत राहायची, अखंड. शाळेत ती एका रिलेला धरून ठेवायची. रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा छोटा लोखंडी खटका. वीज आहे तोवर खटका ओढलेला आणि घंटा गप्प. ह्यांनी बोट दाबलं की वीज तुटायची, खटका सुटायचा, घंटा वाजायची. वायर तुटली तरी वाजायची, जोड सैल झाला तरी वाजायची. घरची बॅटरी उतरली तरीही वाजायची.

"आनि शाळानी बॅटरीच मरी गयी तं?" आबांनी विचारलं.

मी विचार केला. घंटेला स्वतःचे सेल लागणार, ते संपले तर ती गप्पच राहणार. "तं रोज सकायले मी शाळामा जाईसन वायर सोडसू," मी म्हणाले. "वाजनी तं सेल चांगला शेत."

"आते तू शिकनी," आबा म्हणाले. एवढीच शाबासकी मला त्यांच्याकडून मिळाली.

दाबल्यावर वीज तोडणारा स्विच हवा होता. माऊसच्या स्विचला तीन पाय होते. मला वाटलं तिसरा पाय त्याचसाठी असेल. मीटर लावला तर तिसऱ्या पायाला आत काहीच जोडलेलं नव्हतं. नुसता पाटीवर घट्ट बसावा म्हणून दिलेला पाय. कागदावर छापलेलं किंवा डोळ्याला दिसणारं खरं धरू नये, आधी मोजावं, हे मी इतरांना सांगते ते त्या पायामुळे. आबांनी एका डब्यात हात घालून जुन्या टेपरेकॉर्डरमधली पितळी पत्ती काढली. दोन पातळ पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या, एकीला बोट लागलं की दूर होणाऱ्या. कागद उचलायला लागतो त्याहूनही कमी जोर पुरे.

रिलेतल्या तारेच्या वेटोळ्यावर उलटा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पुर्जा, लावायला त्यांनी सांगितलं. मी विसरले. पहिल्याच चाचणीत पत्ती दाबली तशी पट्ट्यांमध्ये निळी ठिणगी चमकली आणि बोटाला मुंगी चावल्यासारखं झालं. वेटोळ्यातली वीज अचानक तोडली की ती झटका मारते. तो झटका डायोड वेटोळ्यातच जिरवतो. डायोड लावल्यावर ठिणगी गेली. ह्यांच्या बोटाला तो झटका बसला असता, तर पुढे त्यांनी त्या पत्तीला कधी हात लावला नसता.

वायर टाकायला सहशिक्षकांनी मदत केली. शेताच्या बांधावर बांबू रोवून आम्ही ती नाल्यापलीकडे नेली. घरी बॅटरीवर साडेबाराच्या जरा वर व्होल्ट दिसत होते, शाळेत जेमतेम सव्वाबारा. मला वाटलं कुठेतरी गळती आहे. आबा म्हणाले, लांब वायर थोडं खातेच, रिले धरून राहतो ना, मग झालं. मी प्रत्येक जोड हलवून बघितला. मग पुन्हा पहिल्यापासून हलवून बघितला.

पहिल्या दोन आठवड्यांत घंटा नऊ-दहा वेळा उगाच वाजली. वाऱ्याने बांबू डोलला, माकडाने वायर ओढली, पत्तीवर धूळ बसली. दर वेळी मी हातातला खडू टाकून धावले. दर वेळी हे ठीक होते आणि माझ्याकडे अपराध्यासारखे बघत होते, जणू त्यांनीच वाजवली. मी सांगायचे, "तुम्ही काही करं नही. वायर बोंबलनी. बोंबलू दे." दम लागायचा, पण मनात शांत वाटायचं. आता घंटा गप्प असली की खरोखरच सगळं ठीक असायचं.

मग एक दिवस दहाच्या सुमाराला घंटा दोनदा वाजली. आखूड, लागोपाठ. टण्, टण्. मी धावले. हे स्वस्थ पडले होते. पाणी? बोट हललं नाही. कूस? नाही. मी गोंधळून उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे बघत पुन्हा पत्ती दाबली, दोनदा. शाळेकडून पुसट आवाज आला. आणि ह्यांच्या ओठांची एक कड किंचित वर गेली.

मला कळायला वेळ लागला. गाडीत कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला.

मी पदर तोंडाला लावून परत वर्गात गेले. पोरं विचारत होती, बाई काय झालं, बाई काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पुढचं गणित घ्या.

त्यानंतर एक घंटी झाली की मी जायचे. दोन झाल्या की जायचे नाही, नुसती खिडकीतून घराच्या छपराकडे बघायचे. रोज दहा वाजता दोन व्हायच्या. साडेतीन वर्षं. मधल्या काळात पत्तीच्या पट्ट्या मी दर महिन्याला शाळेच्या खोडरबराने घासल्या, रोज रात्री चार्ज केलेली घरची बॅटरी एकदा बदलली, उंदराने कुरतडलेली वायर दोनदा जोडली. शेजारची बाई ऊसतोडीहून परत आली की ह्यांच्यापाशी बसायची आणि हे तिच्यासमोर मुद्दाम दोन घंट्या वाजवून दाखवायचे.

हे गेले ते एका रविवारी सकाळी. मी जवळच होते, गरम पाण्याने ह्यांचे हात पुसत होते. त्या दिवशी शाळा बंद, म्हणून पत्ती बाजूला ठेवलेली होती. काही वाजलं नाही, काही वाजवायची वेळही आली नाही. श्वास लांबत गेला आणि थांबला. मी हात पुसत राहिले.

सुतक फिटल्यावर मी आणि शेजारची बाई वायर उतरवायला गेलो. तिने बांबू उपटले, मी वायर कोपरावर गुंडाळली. त्याआधी शाळेत जाऊन वायर सोडली तशी घंटा वाजायला लागली आणि सेल काढेपर्यंत वाजत राहिली. शेजारची बाई दूर शेतात उभी होती. तिने कानांवर हात ठेवले.

आबांकडे मी अजून जाते. आता त्यांना उजेडही कळत नाही. त्यांचं दुकान मी रविवारी उघडते, डबे पुसते, आलेलं काम त्यांना सांगून सांगून करते. कुणी शिकायला येतं, बहुतेक दोन रविवार येऊन यायचं बंद करतं.

मागच्या महिन्यात नवापूरच्या डोंगराकडची एक बाई आली. तिशी-पस्तिशीची. शेती आणि मजुरी करते, गळ्यात छोटा क्रूस. तिची आई वर्षभर अंथरुणावर आहे. माझ्या घंटेबद्दल तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "ताई, मला बनवून द्या."

मी नाही म्हटलं. ते मला जड गेलं. तिला म्हटलं, "मी बनवून दिली आणि ती तिकडे डोंगरात बिघडली, तर तू काय करशील? तूच बनव. मी बसते शेजारी."

ती चार रविवार दोन गाड्या बदलून आली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तिचा तिसरा जोड चमकला तेव्हा आबांनी त्यावर बोट फिरवलं आणि मान डोलावली. शेवटच्या रविवारी आयर्न तापायची वाट बघत असताना तिने मला विचारलं, "ताई, ह्या घंटेने तुमचे मालक किती दिवस जास्त जगले?"

मी खरं तेच सांगितलं. "ते मला माहीत नाही. बहुतेक एकही दिवस नाही. पण ते बोलावत असताना मी आले नाही, असं पुन्हा झालं नाही."

तिने डायोड उचलला आणि विचारलं, "ही पांढरी रेघ कोणत्या बाजूला?"

"बॅटरीच्या अधिक बाजूला," मी म्हणाले. "आणि लावायच्या आधी मोजून घे."